लोकमान्यांची ७७ मिनिटे आणि ज्युरीचे घड्याळ

थ्रेड. विषय : ज्युरीचा निकाल केव्हा येतो, तो तेव्हाच का येतो, आणि ‘वेळेमुळे निकाल फिरतो’ हे लोकप्रिय विधान इतिहासाला किती मानवते.

२२ जुलै १९०८, बुधवार. मुंबई हायकोर्टात रात्री ८ वाजून ३ मिनिटांनी नऊ जणांची ज्युरी विचारविनिमयासाठी उठली. ९ वाजून २० मिनिटांनी ती परतली. सात विरुद्ध दोन मतांनी बाळ गंगाधर टिळक राजद्रोहाचे दोषी ठरले. दहाच्या सुमारास न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षांची हद्दपारी आणि एक हजार रुपये दंड सुनावला. आरोपीचा बावन्नावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

८.०३ ते ९.२० म्हणजे ७७ मिनिटे. याच टिळकांनी स्वतःच्या बचावासाठी त्याच ज्युरीपुढे २१ तास १० मिनिटे भाषण केले होते. एकवीस तासांच्या युक्तिवादाला सव्वा तासाचे उत्तर! ही दोन आकड्यांची जोडी समाजमाध्यमांवर पुनःपुन्हा फिरते आणि तिच्याखाली ठरलेली स्पष्टीकरणे येतात. रात्र झाली होती, माणसे भुकेली होती, दमली होती, घरी जायची घाई होती. कुणी त्याला मानसशास्त्राची फोडणी देतो, कुणी इंग्रजी म्हणीची.

हे स्पष्टीकरण वाचायला सोपे आहे, सांगायला चटकदार आहे, आणि चुकीचे आहे. चुकीपेक्षाही वाईट म्हणजे ते सोयीचे आहे. भुकेला कोणी जबाबदार नसतो. रात्र कोणी आणत नाही. निकालाचे खापर घड्याळावर फुटले, की ज्याने घड्याळाला किल्ली दिली तो निर्दोष सुटतो.

आधी भुकेचा पक्ष पुरता ऐकून घेणे न्यायाचे ठरेल, कारण तो अगदीच निराधार नाही.

ज्युरी ही इंग्लंडची संस्था. तेथील जुन्या रिवाजाप्रमाणे विचारासाठी बसलेल्या ज्युरीला एकमत होईपर्यंत अन्न, पाणी, शेकोटी आणि मेणबत्ती यांपैकी काहीही मिळत नसे. उपासमार हा तिथे अपघात नव्हता, कार्यपद्धतीचा भाग होता. अलेक्झांडर पोप याने अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या ‘द रेप ऑफ द लॉक’ या विडंबनकाव्यात ज्युरीच्या जेवणाची वेळ आणि आरोपीचा फास यांची सांगड घातली, ती याच रिवाजाला उद्देशून. शेकोटी आणि स्वखर्चाने अल्पोपाहार यांना कायद्याने मुभा मिळाली ती १८७० साली. म्हणजे पोट आणि निकाल यांचा संबंध कोणा आधुनिक संशोधकाने लावलेला शोध नव्हे. तो संबंध व्यवस्थेने जाणूनबुजून वापरला होता.

पण त्याच इंग्लंडात त्याच्याही आधी, १६७० साली, काय घडले तेही पाहावे. विल्यम पेन आणि विल्यम मीड या क्वेकर पंथीयांवर लंडनमध्ये बेकायदा जमाव जमवल्याचा खटला चालला. ज्युरी त्यांना हवे तसे दोषी ठरवीना. न्यायासनाने बारा जणांना दोन रात्री अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले. त्यांनी सुटकेचाच निकाल दिला. त्याबद्दल त्यांना दंड झाला आणि तो न भरणारा एडवर्ड बुशेल सहकाऱ्यांसह तुरुंगात गेला. पुढे मुख्य न्यायमूर्ती व्हॉन यांनी त्यांना मुक्त केले आणि निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येणार नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. भूक माणसाला फासाकडे ढकलते, असा नियम मांडणाऱ्याने या बारा उपाशी माणसांचे काय करायचे ते आधी सांगावे.

दुसरा आधार दिला जातो तो २०११ सालच्या एका इस्रायली अभ्यासाचा. पॅरोलच्या अर्जांवर निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांचे हजारावर निर्णय तपासले गेले. विश्रांतीनंतर लगेच अर्ज मंजूर होण्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के, आणि पुढच्या विश्रांतीपर्यंत ते घसरत जवळजवळ शून्यावर, असे चित्र निघाले. ‘भुकेला न्यायाधीश’ हा शब्दप्रयोग जगभर गेला. त्याच वर्षी त्यावर आक्षेप आले, ते मात्र कुठे गेले नाहीत. प्रकरणांचा क्रम यादृच्छिक नव्हता. ज्या कैद्यांना वकील नव्हता त्यांची प्रकरणे बहुधा विश्रांतीच्या आधी, सत्राच्या शेवटी घेतली जात, आणि अशा कैद्यांचे अर्ज एरवीही अधिक फेटाळले जातात. घड्याळाचा परिणाम म्हणून जे दिसले, त्यातला मोठा भाग रांगेचा परिणाम असू शकतो. आणि रांग कोणीतरी लावलेली असते.

शिवाय तो अभ्यास एकेकट्या निर्णय घेणाऱ्या न्यायाधीशांचा होता. नऊ किंवा बारा माणसांनी बंद खोलीत एकमेकांशी वाद घालण्याची प्रक्रिया वेगळी असते. ती किती चालेल हे प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते. खोलीत शिरतानाच किती जणांचे मत पक्के होते, आणि निकालासाठी किती जणांची सहमती लागते. या दोन आकड्यांकडे पाहिल्यावाचून मिनिटे मोजणे म्हणजे ताप न पाहता थर्मामीटरची लांबी मोजणे.

एक परदेशी उदाहरण येथे उपयोगी पडेल. २३ सप्टेंबर १९५५, मिसिसिपीमधील समनर. चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या आरोपातून दोन गोऱ्या माणसांना ज्युरीने ६७ मिनिटांत मुक्त केले. दिवस शुक्रवार होता. ज्युरीला शनिवार-रविवारची ओढ असते आणि म्हणून शुक्रवारी निकाल झटपट येतात, असा एक समज अमेरिकी वकिलीत पूर्वीपासून आहे. टिल खटला त्या समजात चपखल बसतो. पण एका ज्युररने नंतर सांगितले, की मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर इतकाही वेळ लागला नसता. बाराही ज्युरर गोरे पुरुष होते. सोमवारी सकाळी, भरल्या पोटी बसवले असते, तरी त्या बारा जणांनी निराळा निकाल दिला असता असे मानायला कोणताही आधार नाही. पुढे काही महिन्यांनी त्याच दोघांनी एका मासिकाला पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. शुक्रवार होता म्हणून ते सुटले नव्हते.

आता मुंबईकडे. वार बुधवार होता, एवढे प्रथमच नोंदवून शुक्रवारवाल्यांना निरोप द्यावा.

खटला १३ जुलैला सुरू झाला. आरोप ‘केसरी’तील दोन अग्रलेखांवरून होते. १२ मे १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर सरकारी दडपशाहीवर लिहिलेले हे लेख. जामिनासाठी तरुण बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. न्या. दावर यांनी तो अर्ज फेटाळला. हेच दावर अकरा वर्षांपूर्वी, १८९७ च्या खटल्यात, टिळकांना जामीन मिळावा म्हणून वकील या नात्याने उभे होते आणि तेव्हा न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला होता. इतिहासाला अशा विनोदांची हौस असते.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. १५ जुलैच्या दुपारी सुरू झालेले त्यांचे भाषण २२ जुलैच्या मध्यान्हीस संपले. त्यानंतर त्याच दिवशी ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांचे उत्तराचे भाषण झाले. त्यानंतर त्याच दिवशी न्यायमूर्तींचे ज्युरीस उद्देशून निवेदन झाले. त्यानंतर त्याच रात्री ज्युरी उठली, परतली आणि शिक्षाही झाली.

‘त्याच दिवशी’ हे शब्द वाचकाने अधोरेखित करावेत. दुपारी बचाव संपलेला खटला संध्याकाळी तहकूब करून गुरुवारी सकाळी निवेदन ऐकवता आले असते. आठवडाभर रोज तसेच चालले होते. त्या दिवशी तसे झाले नाही, आणि होऊ न देण्याचा अधिकार ज्युरीकडे नव्हता. न्यायालय किती वाजता उठेल हे न्यायमूर्ती ठरवतात. म्हणजे ज्यांच्या घाईविषयी आज चर्चा होते, त्या नऊ जणांनी ती वेळ निवडलीच नव्हती. ती त्यांना दिली गेली.

का दिली गेली? दावर यांनी त्याचे कारण काहीही मानले असो, शासनाची त्या रात्रीची हालचाल पाहावी. शिक्षा होताच टिळकांना कोर्टातून बाहेर काढून रातोरात खास गाडीने अहमदाबादकडे नेण्यात आले. ते साबरमतीच्या तुरुंगात पोहोचले आणि सप्टेंबरात तेथून मंडालेला. खास गाडी काही मिनिटांत सजत नाही. गाडी तयार होती म्हणून निकाल ठरलेला होता, हा निष्कर्ष मात्र उतावळा. सावध सरकार दोन्ही शक्यतांची तयारी ठेवते. पण तयारी रात्रीची होती, एवढे निश्चित. भर दिवसा, माणसांनी गजबजलेल्या मुंबईत हा निकाल जाहीर झाला असता तर काय झाले असते, हे २३ जुलैपासून दिसलेच. गिरणगाव बंद पडला. सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस कामगारांनी संप पुकारला, रस्त्यांवर लष्कर उतरले, गोळ्या झाडल्या गेल्या. दूर युरोपात लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेतली.

निकालाची वेळ गर्दीच्या हिशेबाने ठरते, हे काही ब्रिटिशांचेच वैशिष्ट्य नाही. १९९५ साली लॉस एंजेलिसमध्ये ओ. जे. सिम्पसन खटल्यातील ज्युरीने चार तासांच्या आत निर्णय घेतला, पण न्यायाधीशांनी तो लिफाफा रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला उघडला. शहराला आणि पोलिसांना तयारीस अवधी मिळावा, हा त्यातला उघड लाभ. तिथे निकाल थांबवला, इथे उरकला. दोन्हीकडे ज्युरीच्या पोटापेक्षा रस्त्यावरची माणसे मोजली गेली. यातून एक फरक नीट हाती येतो. निकाल कधी ऐकवला गेला, ही एक गोष्ट आहे. निकाल काय झाला, ही निराळी. वेळेचा प्रभाव पहिल्या गोष्टीवर सिद्ध करता येतो. दुसऱ्या गोष्टीसाठी अन्यत्र शोधावे लागते.

ते ‘अन्यत्र’ म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, १८९८, कलम ३०५. हे कलम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच कुठल्या चित्रपटात नाही. पण टिळक खटल्याचे खरे घड्याळ तेच आहे.

हायकोर्टातील ज्युरी नऊ जणांची. इंग्लंडातल्यासारखे एकमत येथे आवश्यक नव्हते. नऊपैकी सहा एका मताचे असले आणि न्यायमूर्ती त्यांच्याशी सहमत झाले, की निकाल पक्का. सहाही जुळत नसतील तर न्यायमूर्तींना वाजवी वाटेल तेवढा वेळ थांबून ज्युरी बरखास्त करायची. सहा किंवा अधिक जुळले पण न्यायमूर्ती असहमत असले, तर ज्युरी तत्काळ बरखास्त. ‘वाजवी वाटेल तेवढा वेळ’ या शब्दांत घड्याळाची किल्ली कोणाच्या खिशात होती ते कायद्यानेच लिहून ठेवले आहे.

एकमताच्या पद्धतीत वेळ शस्त्र असते. बारापैकी एक जण अडून बसला तर उरलेल्या अकरा जणांना त्याला पटवावे लागते, किंवा त्याला पटेपर्यंत जागावे लागते. तिथे रात्र, भूक, कंटाळा यांना खरेच महत्त्व येते. म्हणून अमेरिकी न्यायाधीश अडकलेल्या ज्युरीला पुन्हा विचार करण्याचा खास उपदेश करतात आणि १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲलन खटल्यात त्याला मान्यताही दिली. वकील त्याला सुरुंगाची उपमा देतात, कारण तो अडथळा फोडतो.

मुंबईत फोडण्यासारखा अडथळाच नव्हता. सात एका बाजूला असले की उरलेल्या दोघांचे मन वळवण्याची गरज कोणालाच नव्हती. ते दोघे पहाटेपर्यंत वाद घालू शकले असते आणि तरी निकाल तोच राहिला असता. त्यांच्या चिकाटीची किंमत कायद्याने शून्य केली होती. तेव्हा ७७ मिनिटे ‘इतकी थोडी’ कशी, हा प्रश्न उलटा विचारायला हवा. आवश्यक मताधिक्य पहिल्या मिनिटालाही असू शकले असता, या मंडळींनी सव्वा तास केले काय? खोलीतील बोलणे बाहेर आले नाही. पण त्या सव्वा तासात दोन माणसे सातांपुढे टिकून राहिली, हे तर आकडाच सांगतो. थकलेली, भुकेली, निरुपयोगी ठरवलेली ती दोन मते बदलली नाहीत. भुकेच्या सिद्धांताला त्या खोलीतूनच मिळालेले हे उत्तर आहे.

नियम किती निर्णायक असतो याची आणखी दोन उदाहरणे पुरेत.

१८९७ च्या सप्टेंबरात टिळकांचा पहिला राजद्रोह खटला न्या. स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्युरीत सहा युरोपीय, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी. अठरा महिने सक्तमजुरी. सहा हा कायद्याने मागितलेला किमान आकडा होता. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर ज्युरी बरखास्त करावी लागली असती. शिवाय स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलेली राजद्रोहाची व्याख्या अशी होती, की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. एवढे रुंद जाळे टाकल्यावर मासा अडकायला किती मिनिटे लागली हा प्रश्न गौण होतो.

दुसरे उदाहरण कलकत्त्याचे आणि अधिक बोलके. १८९१ साली ‘बंगवासी’ या पत्रावर राजद्रोहाचा खटला झाला. देशातला या कलमाखालील हा पहिलाच खटला. ज्युरीची मते पडली सात विरुद्ध दोन, दोषी ठरवण्याच्या बाजूने. टिळकांच्या १९०८ च्या निकालाचा आकडा, तंतोतंत! मुख्य न्यायमूर्ती सर कोमर पेथेरम यांनी अशा प्रकरणात एकमताखेरीज निकाल स्वीकारण्यास नकार दिला आणि ज्युरी बरखास्त केली. पुढे पत्राने दिलगिरी व्यक्त केली व सरकारने प्रकरण सोडून दिले. आकडा तोच, कलम तेच. कलकत्त्यात आरोपी घरी गेले, मुंबईत आरोपी मंडालेला गेला. फरक ज्युरीच्या जेवणवेळेचा नव्हता. न्यायासनावर बसलेल्या माणसाने सात-दोनचे काय करायचे ठरवले, त्याचा होता.

दावर यांना पेथेरम यांचा मार्ग मोकळा होता. त्यांनी बहुमताशी सहमती दर्शवली आणि शिक्षा सुनावताना टिळकांच्या लेखनाचे वर्णन विकृत मनाचे लेखन अशा अर्थाच्या शब्दांत केले. त्यांचा निर्णय कायद्याबाहेर नव्हता. पण तो निर्णय होता. ज्याने निर्णय घेतला त्याच्या नावावर तो राहू द्यावा, रात्रीच्या नावावर लिहू नये.

राहता राहिले ते सात.

सरकारने या खटल्यासाठी विशेष ज्युरी मागितली. विशेष ज्युरीची यादी मुंबई शहरातील वरच्या थरातल्या माणसांची, साहजिकच युरोपीय व्यापारी-अधिकाऱ्यांचा भरणा असलेली. जोसेफ बॅप्टिस्टा यांनी टिळकांच्या वतीने त्याला हरकत घेतली. लेख मराठी, आरोप मराठी शब्दांच्या अर्थछटांवर, आणि निकाल देणार मराठी न जाणणारे. हरकत फेटाळली गेली. प्रत्यक्ष ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. मते सात विरुद्ध दोन पडली. नावानिशी मते जाहीर झाली नव्हती, पण ही बेरीज कोणालाही दिसते.

टिळकांच्या एकवीस तासांतला मोठा वाटा भाषांतरावर खर्च झाला. सरकारी भाषांतरातील इंग्रजी शब्द मूळ मराठीपेक्षा जहाल कसे आहेत, कोणत्या मराठी शब्दाला इंग्रजीत कोणता समानार्थी शब्द योग्य, हे त्यांनी सरकारी भाषांतरकाराच्या उलटतपासणीत आणि नंतर भाषणात ज्युरीला समजावले. एकवीस तास लागले याचे हे प्रमुख कारणांपैकी एक. ज्या वाचकासाठी लेख लिहिला त्याला तो वाचायला पाव तास पुरला असता. ज्याला ती भाषा येत नाही त्याला ती परक्या भाषेतून शिकवीत आपला निर्दोषपणा सिद्ध करायचा होता.

जिंतूरचे उदाहरण घ्यावे. १९०८ साली जिंतूर हा परभणी जिल्ह्यातला तालुका, निजामाच्या मुलखात, मुंबई हायकोर्टाच्या अधिकारक्षेत्राबाहेर. तिथला दरबारी कारभार उर्दूत, घरातली आणि बाजारातली भाषा मराठी. नेमगिरीच्या पायथ्याशी किंवा चारठाण्याच्या जुन्या देवळांच्या सावलीत बसणाऱ्या एखाद्या साक्षर माणसाने ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे चार शब्द वाचले असते, तर त्यातला सूर त्याला कोशावाचून कळला असता. धमकी आहे की इशारा, शाप आहे की सल्ला, हे मराठी कानाला लगेच उमगते. पण त्या ज्युरीच्या यादीत तो असू शकत नव्हता. तो दूरचा होता आणि दुसऱ्या राज्याचा होता, हे झालेच. खुद्द मुंबईच्या गिरगावात राहणाऱ्या मराठी माणसाचीही त्या नवात वर्णी लागली नाही. भाषा कळणारे सगळे बाहेर आणि भाषांतरावर विसंबलेले आत, अशी खोली एकदा तयार झाल्यावर तिच्या दारावर कोणतेही घड्याळ टांगले तरी चालले असते.

याच हायकोर्टाने आठ वर्षांनी, १९१६ साली, टिळकांच्या स्वराज्यविषयक भाषणांवरून घेतलेल्या जामीनकीचा आदेश रद्द केला. तेव्हा ज्युरी नव्हती. न्या. बॅचलर आणि न्या. शहा या दोन न्यायमूर्तींनी भाषणे समग्र वाचून त्यांचा एकूण परिणाम काय होतो ते पाहिले आणि आपली कारणे लिहून ठेवली. बाजू मांडणारे वकील पुन्हा जिनाच होते.

‘कारणे लिहून ठेवली’ ही किरकोळ बाब नाही. ज्युरी कारणे देत नाही. ती दोन शब्द किंवा एक शब्द उच्चारते आणि घरी जाते. तिच्या मनात काय चालले होते याचा एकही कागद मागे राहत नाही. राहतात त्या दोन वेळा, उठल्याची आणि परतल्याची. इतिहासप्रेमी मग त्या दोन वेळांमधील अंतराला साक्षीदार समजून उलटतपासणी सुरू करतात. झटपट परतली म्हणजे पूर्वग्रह, उशिरा परतली म्हणजे मतभेद, रात्री परतली म्हणजे भूक. मिनिटांना बोलते करण्याचा हा मोह समजण्यासारखा आहे. पण त्या मिनिटांकडे सांगण्यासारखे फार थोडे असते, आणि जे असते ते ज्युरीच्या रचनेच्या आणि मताधिक्याच्या नियमाच्या शेजारी ठेवल्यावरच कळते.

हे पटत नसेल त्यांनी नानावटी खटला पाहावा. त्याविषयीही समाजमाध्यमांवर एक हटवादी चूक नांदते. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी मुंबईच्या ज्युरीने कमांडर कावस नानावटी यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले. हाही बुधवारच. सेशन्स न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो निकाल इतका असमंजस वाटला, की त्यांनी कलम ३०७ खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये नानावटींना दोषी धरले, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ते कायम केले. आठ मते, जवळजवळ एकमत, आणि तरी न्यायाधीशाच्या एका लेखणीने निकाल पुढच्या पायरीवर गेला. ही ज्युरी फितली की भारावली, ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने किती हवा दिली, यावर पुस्तके आहेत. ती ज्युरी किती वाजता जेवली यावर सुदैवाने अजून कोणी लिहिलेले नाही.

आणि ती चूक : नानावटी हा भारतातला अखेरचा ज्युरी खटला नव्हे. त्यानंतरही देशात ज्युरी बसत होत्या. सर्वसाधारण फौजदारी खटल्यांतून ज्युरी हद्दपार झाली ती १९७३ च्या नव्या प्रक्रिया संहितेने. पारशी विवाहविषयक दाव्यांत समाजातील प्रतिनिधी न्यायाधीशासोबत बसण्याची पद्धत तर त्यानंतरही चालू राहिली. ‘नानावटीमुळे ज्युरी गेली’ हे वाक्य ‘भुकेमुळे टिळक गेले’ याच जातीचे. दोन्हींत एक नाट्यमय क्षण पकडून त्यामागची दीर्घ, कोरडी, कायदेशीर वाट पुसून टाकलेली असते.

एक आक्षेप उरतो आणि तो प्रामाणिक आहे. दावर यांनी त्या संध्याकाळी कोर्ट उठवले असते, ज्युरी गुरुवारी सकाळी ताजीतवानी होऊन बसली असती, तर काहीच फरक पडला नसता काय? रात्रभर विचार करून एखाद्याचे मन बदलत नाही काय?

बदलते. म्हणून हिशेब करून पाहावा. दोषी म्हणणारे सात होते, कायद्याला सहा हवे होते. एकाचे मन बदलले असते तर सहा उरले असते आणि निकाल तसाच लागला असता. ज्युरी बरखास्त होण्यासाठी सातांपैकी दोघांनी, टिळकांचे एकवीस तास आणि दावरांचे निवेदन ऐकूनही जे पटले नव्हते ते, एका रात्रीत पटवून घ्यायला हवे होते. त्यासाठी त्यांना रात्रीची झोप आणि सकाळचा नाश्ता देता आला असता. ज्या अग्रलेखांवर ते निकाल देत होते, ते मूळ मराठीत वाचण्याची सोय मात्र कोणत्याही तहकुबीत होणारी नव्हती.